ऑप्टोमेट्रीची पदवी: चष्म्याच्या नंबरापलीकडे काय शिकायचं असतं

"ऑप्टोमेट्री म्हणजे चष्म्याचा नंबर काढायचा कोर्स ना?" या शाखेला प्रवेश घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न ऐकावा लागतो. नंबर तर ऑटोरिफ्रॅक्टर नावाचं यंत्रही काही सेकंदांत छापून देतं. मग त्यासाठी विद्यापीठात इतकी वर्षं कशाला घालवायची?

समोर बसलेला माणूस "नंबर वाढलाय" म्हणतो तो त्याचा अंदाज असतो. खरी तक्रार एवढीच असते, की नीट दिसत नाही. त्यामागे नंबर असू शकतो. कोरडे पडलेले डोळे, सुरू होणारा मोतीबिंदू, वरखाली होणारी रक्तातली साखर, दृष्टिपटलाची (रेटिनाची) सूज किंवा दृष्टीच्या नसांवर दाब देणारी गाठही असू शकते. यातून नेमकं कारण वेगळं काढायचं आणि चष्मा हे त्यावरचं उत्तर आहे की नाही ते ठरवायचं, हे ऑप्टोमेट्रिस्टचं काम. अभ्यासक्रमातला प्रत्येक विषय शेवटी याच निर्णयाला येऊन मिळतो. पहिल्या दिवसापासून हे डोक्यात असेल तर कुठलाच विषय उगाच लादल्यासारखा वाटत नाही.

पदवीचं स्वरूप देशागणिक बदलतं. बऱ्याच ठिकाणी ती बारावीच्या पातळीनंतरची तीन ते पाच वर्षांची असते, तर अमेरिकेत आधी कॉलेज पूर्ण करून मग चार वर्षांचा डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री करतात. शिकण्याचा क्रम मात्र सगळीकडे साधारण सारखाच आहे. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असू द्या. डोळ्यांच्या शस्त्रक्रिया करणारे नेत्रशल्यचिकित्सक आधी वैद्यकीय पदवी घेतात. ऑप्टिशियन दिलेल्या नंबरानुसार चष्मा तयार करून बसवून देतात. ऑप्टोमेट्रिस्ट डोळे तपासतो, नंबर ठरवतो, आजार ओळखतो आणि गरज असेल तिथे रुग्णाला पुढे पाठवतो. औषधं लिहिण्याचा अधिकार किती, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर ठरतं.

पहिली पायरी: प्रकाश आणि भिंगं

पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त विद्यार्थी अडखळतात ते इथे. शाळेत भिंगाचं सूत्र पाठ करून गुण मिळतात. इथे तेच सूत्र डायॉप्टरच्या भाषेत विचार करायला शिकवतं. डायॉप्टर म्हणजे मीटरमधल्या अंतराचा व्यस्तांक. ४० सेंटिमीटरवरचं पुस्तक वाचायला डोळ्याला २.५० डायॉप्टर जास्तीची शक्ती लागते. हे गणित बोटांवर आलं की पुढचं अर्धं ओझं उतरतं.

आराम स्थितीतल्या डोळ्याची एकूण शक्ती साधारण ६० डायॉप्टर. त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक वाटा पारपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा (कॉर्नियाचा), उरलेला नेत्रभिंगाचा. नेत्रगोलाची लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. ती एक मिलिमीटरने वाढली तरी नंबरात अडीच ते तीन डायॉप्टरचा फरक पडतो. मुलांचा उणे नंबर का वाढत जातो, हे या एका आकड्यातून कळतं.

चाळिशीचा हिशेबही इथेच सुटतो. वयानुसार उरलेली किमान समायोजन शक्ती, म्हणजे जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्याला वाढवता येणारी शक्ती, काढायचं हॉफस्टेटरचं सूत्र सोपं आहे: १५ मधून वयाचा चौथा भाग वजा करा. चाळीसाव्या वर्षी उरतात ५ डायॉप्टर. डोळ्याला सतत वाचताना आपल्या शक्तीचा साधारण निम्माच भाग न थकता वापरता येतो, असा ठोकताळा आहे. म्हणजे २.५० डायॉप्टर, आणि ४० सेंटिमीटरवर वाचायला लागतात तेवढेच. चव्वेचाळिसाव्या वर्षी हाच हिशेब अर्ध्या डायॉप्टरने कमी पडतो आणि माणूस पुस्तक लांब धरू लागतो.

सरावाला तीन गोष्टी घ्या. सिलिंडरचा नंबर (दोन दिशांना वेगवेगळी शक्ती लागते तेव्हाचा) उलटवून लिहिणं: +१.०० / −२.०० × १८० म्हणजेच −१.०० / +२.०० × ९०. झोपेतून उठवून विचारलं तरी हे आलं पाहिजे. दुसरं, भिंग डोळ्यापासून किती लांब आहे त्याचा परिणाम. चष्मा १२ मिलिमीटरवर असताना −१०.०० नंबर लागत असेल, तर कॉन्टॅक्ट लेन्स साधारण −९.०० ची पुरते. तिसरा प्रेन्टिसचा नियम: भिंगाचं केंद्र बाहुलीपासून जितके सेंटिमीटर सरकलं असेल, त्याला भिंगाच्या शक्तीने गुणलं की लोलकाचा (प्रिझमचा) परिणाम, म्हणजे चित्र किती सरकतं ते, मिळतो. ४ डायॉप्टरचं भिंग अर्धा सेंटिमीटर चुकीचं बसवलं तर २ प्रिझम डायॉप्टर. नंबर बरोबर असूनही नवा चष्मा डोकं दुखवतो, त्याचं कारण पुष्कळदा या गुणाकारात सापडतं. किरणाकृती स्वतःच्या हाताने काढा. नुसत्या बघून त्या डोक्यात राहत नाहीत.

दुसरी पायरी: डोळा आणि त्याच्या मागचं सगळं

शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय सुरुवातीच्या सत्रांत असतात. इथे एक सवय लावून घ्या. प्रत्येक भाग वाचताना स्वतःला विचारा, हा बिघडला तर रुग्ण काय सांगेल?

पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. उघड्या डोळ्यात त्याला प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंमार्फत मिळतो. हे वाक्य परीक्षेपुरतं वाचलं तर विसरून जाल. पण कॉन्टॅक्ट लेन्स लावून झोपू नका असं का बजावतात, ते याच वाक्यात आहे. किंवा दृष्टीच्या नसांचा चौक घ्या. दोन्ही दृष्टिपटलांच्या नाकाकडच्या भागातून आलेले तंतू तिथे एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. त्या चौकाखाली पीयूषिका (पिट्यूटरी) ग्रंथी असते. तिथली गाठ वाढून चौकावर दाबली तर दोन्ही डोळ्यांची बाहेरच्या बाजूची नजर जाते. असा माणूस कधीकधी फक्त एवढंच सांगतो, की चालताना दोन्ही बाजूंनी वस्तू अंगावर आल्यासारख्या होतात. त्याचं तक्त्यावरचं वाचन ६/६, म्हणजे अगदी नॉर्मल, असू शकतं. चौक शिकलेल्याला या एका वाक्यावरून दृष्टिक्षेत्र तपासायची बुद्धी होते.

औषधशास्त्रातही असंच करा. डोळ्यांचे थेंब तर शिकालच, पण शरीराच्या इतर आजारांवरची औषधं डोळ्याला काय करतात ते जास्त मन लावून वाचा. क्षयरोगावरचं इथॅम्ब्युटॉल दृष्टीची नस बाधित करू शकतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दीर्घकाळ घेतलं तर दृष्टिपटलाला धोका असतो. स्टेरॉइडमुळे डोळ्याचा दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो. "कोणती औषधं चालू आहेत?" हा प्रश्न रीत म्हणून विचारायचा नाही, त्याच्या उत्तरावर पुढची तपासणी ठरते.

तिसरी पायरी: रिफ्रॅक्शन

रिफ्रॅक्शन म्हणजे डोळ्याचा नंबर काढणं. हा पदवीचा कणा आहे. याला सर्वात जास्त वेळ द्या.

सुरुवात इतिहासाने होते, म्हणजे रुग्णाच्या तक्रारीने. कधीपासून, एका डोळ्याला की दोन्ही, अचानक की हळूहळू, लांबचं की जवळचं, दुखतं का, घरात कोणाला काचबिंदू आहे का. मग दृष्टीची तीक्ष्णता मोजायची. हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये मांडलेला तक्ता अजून भिंतीवर आहे. ६/६ ओळीतलं अक्षर ६ मीटरवरून ५ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) इतका कोन करतं आणि त्याची प्रत्येक रेघ १ कला. मोजाल तर ते अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच भरतं. संशोधनात आणि आता बऱ्याच क्लिनिकमध्येही लॉगमार तक्ता वापरतात. त्यात प्रत्येक ओळीत पाच अक्षरं असतात, त्यामुळे एकेका अक्षराचा हिशेब ठेवता येतो.

नंतर येतं पिनहोल, म्हणजे छोट्या छिद्रातून बघायला लावणं. साधनाची किंमत नगण्य, पण उपयोग मोठा. छिद्रातून जास्त स्पष्ट दिसलं तर बिघाड बहुधा प्रकाश वळण्यातला आहे आणि भिंगाने सुटेल. छिद्रातूनही दिसत नसेल तर चष्म्याची वाट सोडून दृष्टिपटल आणि नस बघायला घ्यायची. ही तपासणी टाळून थेट नंबराकडे धावण्याची सवय लागू देऊ नका.

आता रेटिनोस्कोपी, म्हणजे रेटिनोस्कोप या हातातल्या दिव्याचा प्रकाश बाहुलीत टाकून, रुग्णाला न विचारता नंबर काढणं. खोलीतला प्रकाश मंद करा. रुग्णाला लांबच्या खुणेकडे बघायला सांगा, तुमच्या दिव्याकडे नाही, नाहीतर त्याची समायोजन शक्ती कामाला लागते. त्याच्या उजव्या डोळ्यासाठी तुमचा उजवा हात, उजवा डोळा. ६७ सेंटिमीटरवरून प्रकाशाची पट्टी बाहुलीवर आडवी सरकवा. बाहुलीत लालसर झळाळी दिसेल. ती तुमच्या पट्टीबरोबर सरकली तर अधिक भिंग वाढवा, उलट दिशेने गेली तर उणे. जसजसे योग्य भिंगाजवळ याल तसतशी झळाळी रुंद, तेजस्वी आणि वेगवान होत जाते, आणि एका क्षणी सरकणं थांबून पूर्ण बाहुली एकदम उजळते. तो तटस्थ बिंदू. त्यातून अंतराचे १.५० डायॉप्टर वजा करा. दुसऱ्या दिशेने पट्टी फिरवून वेगळं भिंग लागलं तर तिथे सिलिंडर आहे.

हे वाचायला सोपं वाटतं. पहिले काही आठवडे मात्र काहीच दिसत नाही, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. आधी मॉडेल डोळ्यावर, मग वर्गमित्रांवर सराव करा. वर्गात निरनिराळे नंबर असलेले मित्र असणं ही सोय आहे, तिचा पुरेपूर फायदा घ्या. त्यांच्या चष्म्याचा नंबर न बघता रेटिनोस्कोपी करा, लिहून ठेवा, मगच पडताळा. यंत्र असताना हा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. तान्हं बाळ, बोलू न शकणारा रुग्ण, यंत्रासमोर स्थिर बसू न शकणारं मूल, वेड्यावाकड्या आकाराचं पारपटल, इथे ही पट्टीच कामाला येते. शिवाय मोतीबिंदूची काजळी किंवा शंक्वाकार पारपटलाची कात्रीसारखी उघडमीट करणारी झळाळी यंत्र आकड्यात दाखवत नाही. ती तुमच्या डोळ्यालाच दिसते. माझ्या मते रेटिनोस्कोप हातात बसला की विद्यार्थी खऱ्या अर्थाने ऑप्टोमेट्रीत आला.

त्यानंतर रुग्णाला विचारत विचारत नंबर पक्का करायचा. क्रॉस सिलिंडर या उलटसुलट फिरवायच्या भिंगाने सिलिंडरचा अक्ष आणि शक्ती तपासायची, ड्युओक्रोम या अर्ध्या लाल, अर्ध्या हिरव्या तक्त्यावर दोन्ही बाजूंची तुलना करायची. लाल बाजूची अक्षरं जास्त ठळक असतील तर थोडं उणे वाढवायचं, हिरवी असतील तर थोडं अधिक. "पहिलं बरं की दुसरं?" विचारताना "की दोन्ही सारखंच?" हा पर्यायही द्या. तो न दिल्यास लोक दडपणाखाली काहीतरी एक निवडतात. तरुणांना उणे भिंग वाढवलं की अक्षरं काळीभोर दिसतात आणि ते "हेच छान" म्हणतात. अशा वेळी गरजेपेक्षा जास्त उणे देऊन बसाल. डोळे आधी अधिक भिंगाने मुद्दाम धूसर करून, मग हळूहळू स्पष्टतेकडे येण्याची शिस्त त्यासाठीच शिकवतात. लहान मुलांत समायोजन थांबवणारे थेंब घालून नंबर काढावा लागतो.

मिळालेला आकडा काय सांगतो, हेही शिका. साठीच्या माणसाचा उणे नंबर अचानक वाढला आणि वाचायचा चष्मा लागेनासा झाला, तर घरचे खूश होतात. पण बहुधा नेत्रभिंगाचा गाभा घट्ट होऊन मोतीबिंदू येत असतो. काही दिवसांच्या अंतराने नंबर बदलत असेल तर चष्मा करण्याआधी रक्तातली साखर तपासायला सांगायची.

चौथी पायरी: दोन डोळ्यांचा मेळ

प्रत्येक डोळा वेगळा उत्तम, पण दोन्ही मिळून त्रास, असे रुग्ण पुष्कळ येतात. कव्हर टेस्ट हा इथला पाया. रुग्ण एका खुणेकडे बघत असताना एक डोळा झाका आणि उघड्या डोळ्याकडे लक्ष ठेवा. तो बाहेरून आत वळून खुणेवर आला, तर आधी बाहेर तिरळा होता. आतून बाहेर आला, तर आत तिरळा. मग दोन्ही डोळे आळीपाळीने झाकून लपलेला कल शोधायचा आणि लोलकाने मोजायचा. एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे १ मीटरवर १ सेंटिमीटरचं सरकणं. हालचाल केसाएवढी असते. ती टिपायला नजर तयार व्हावी लागते.

आळशी डोळा हा विषय इथे सविस्तर येतो. लहानपणी एका डोळ्याकडून स्पष्ट चित्र गेलं नाही तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. आधी योग्य चष्मा, मग गरजेप्रमाणे चांगल्या डोळ्यावर पट्टी, असा क्रम. पालकांना हे समजावून सांगणं हाही उपचाराचाच भाग आहे, कारण मूल पट्टी काढून फेकणार हे ठरलेलं असतं.

पाचवी पायरी: आजार ओळखणं आणि वेळेत पाठवणं

स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून दाखवणारा सूक्ष्मदर्शक), डोळ्याच्या आत बघायचा ऑफ्थॅल्मोस्कोप, डोळ्याचा दाब मोजायचा टोनोमीटर, दृष्टिक्षेत्राचं यंत्र आणि दृष्टिपटलाचे थर दाखवणारं ओसीटी ही साधनं या टप्प्यावर हाती येतात. गोल्डमन टोनोमीटरने पारपटलाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करून दाब काढतात. निळ्या प्रकाशात दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात, त्यांच्या आतल्या कडा नेमक्या जुळवायच्या. सर्वसाधारण दाब १० ते २१ मिलिमीटर पारा. मात्र दाब या मर्यादेत असूनही काचबिंदू असू शकतो, म्हणून नस बघितल्याशिवाय "सगळं ठीक आहे" म्हणायचं नाही. काचबिंदूचा नेहमीचा प्रकार सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही.

बाहुली मोठी करण्याचे थेंब घालण्याआधी डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली व्हॅन हेरिक पद्धतीने, म्हणजे स्लिट लॅम्पखाली पारपटलाच्या जाडीशी तुलना करून, बघा. कडेला कप्पा पारपटलाच्या जाडीच्या चौथ्या भागाहून उथळ दिसला तर थांबा आणि वरिष्ठांना विचारा.

आणि पुढची चित्रं तोंडपाठ असू द्या. एकाएकी तरंगणारे ठिपके, प्रकाशाचे झटके, बाजूने पडदा आल्यासारखं: दृष्टिपटल फाटलं किंवा सुटलं असेल. न दुखता एका डोळ्याची नजर क्षणात गेली: रक्तवाहिनी बंद झाली असेल. लाल, असह्य दुखणारा डोळा, दिव्याभोवती वलयं, उलट्या: काचबिंदूचा तीव्र झटका. पापणी खाली आलेली, एकाचे दोन दिसतात आणि त्या बाजूची बाहुली मोठी: मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा असू शकतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा दुखरा लाल डोळा: पारपटलाला जंतुसंसर्ग. बाळाच्या बाहुलीत पांढरी झाक: दृष्टिपटलाचा कर्करोग वगळलाच पाहिजे. यातलं काहीही दिसलं की नंबर बाजूला ठेवून तातडीने नेत्रशल्यचिकित्सकाकडे किंवा रुग्णालयात, फोन करून आणि लेखी चिठ्ठीसह.

सहावी पायरी: विशेष विषय

कॉन्टॅक्ट लेन्स बसवणं शिकताना वक्रता, व्यास, प्राणवायू किती झिरपतो हे सगळं येतं. पण रुग्णाला हात धुणं आणि लेन्सला पाणी न लावणं पटवून देणं त्याहून महत्त्वाचं. नळाच्या पाण्यातला अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव पारपटलाची दुर्दशा करतो. मुलांचा वाढता उणे नंबर रोखण्यासाठी खास बनावटीची भिंगं, रात्री घालायच्या कडक लेन्स, कमी मात्रेचे अॅट्रोपिनचे थेंब हे उपाय आता शिकवले जातात. ते वाढ मंद करतात, आलेला नंबर घालवत नाहीत, एवढं पालकांना स्वच्छ सांगा.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो अल्पदृष्टीचा विषय. ज्यांची नजर औषधाने किंवा शस्त्रक्रियेने परत येणार नाही, अशांना विस्तारक भिंग, दुर्बीण, प्रखर उजेड, ठळक अक्षरं यांच्या मदतीने वाचतं-लिहितं करायचं. "तुम्हाला काय करायला जमावं असं वाटतं?" हा इथला पहिला प्रश्न. एखाद्याला फक्त औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचायचं असतं. रंगदृष्टी, चष्म्याची जुळणी, संख्याशास्त्र, संशोधनपद्धती हे विषयही आहेत. इशिहाराची रंगीत ठिपक्यांची चित्रं लाल-हिरव्याचा दोष पकडतात, निळ्या-पिवळ्याचा नाही, एवढं त्यातून नक्की लक्षात ठेवा.

सातवी पायरी: क्लिनिक

शेवटची सत्रं किंवा पूर्ण वर्ष रुग्णांबरोबर जातं. नोंदी त्याच वेळी लिहा, नंतर आठवून नाही. रुग्णाला सोप्या भाषेत निष्कर्ष सांगा आणि त्याने काय समजून घेतलं ते त्याच्याच तोंडून ऐका. अवघड वाटलेल्या प्रत्येक केसची वेगळी वही ठेवा: तक्रार, तुमचा पहिला अंदाज, शेवटी निघालेलं कारण. पुढे पाठवलेल्या रुग्णाचं काय झालं, याचा पाठपुरावा करा. त्याच नोंदीवरून तुमचा अंदाज किती नेमका होतोय हे कळतं.

प्रवेश घेण्याआधी विचारायचे प्रश्न

या पदवीवर तुम्हाला जिथे काम करायचं आहे तिथे नोंदणी आणि परवाना मिळतो का? पदवीपर्यंत प्रत्येक विद्यार्थी स्वतः किती रुग्ण तपासतो, नुसते बघत नाही? तपासताना शेजारी शिक्षक असतो का? मुलांचं, कॉन्टॅक्ट लेन्सचं आणि अल्पदृष्टीचं क्लिनिक तिथे चालतं की फक्त वेळापत्रकात आहे? स्लिट लॅम्प किती विद्यार्थ्यांत मिळून एक? रेटिनोस्कोप संस्था देते की स्वतः घ्यावा लागतो? शक्य असेल तर शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि त्याने गेल्या आठवड्यात किती जणांची रेटिनोस्कोपी केली ते विचारा.